यात काय आहे, काका?

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या पाळणाघराच्या संचालिका, आदरणीय बाई. प्रमुख पाहुण्या म्हणून लाभलेल्या, आपल्या सगळ्या मुलांच्या ताटाची काळजी वाहणाऱ्या आहारतज्ज्ञ मॅडम. व्यासपीठाच्या कडेच्या खुर्चीवर जरा संकोचून बसलेल्या, सोमवारपासून माझ्या ओट्यापाशी उभ्या राहणार असलेल्या नव्या स्वयंपाकीणबाई. समोर बसलेले पालक, मुलांना सांभाळणाऱ्या मावश्या, तिसऱ्या ओळीतली माझी पत्नी, आणि पहिल्या दोन ओळींत खुर्चीवर कमी व खुर्चीखाली जास्त असलेली माझी गिऱ्हाइकं, म्हणजे बालमंडळी, या सर्वांना माझा नमस्कार.

आत्ता माझ्याविषयी जे बोललं गेलं, ते ऐकताना मी एकदा मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाबद्दल तर चाललेलं नाही ना म्हणून. मॅडम म्हणाल्या, मी शहरी बालकांच्या आहारातल्या विविधतेसाठी मोलाचं कार्य केलं. मला आपलं वाटत होतं की मी सूप केलं. बाईंनी तर दुसऱ्या पाळणाघरांची माणसं आपलं स्वयंपाकघर बघायला यायची तेही सांगितलं. माणसाला निरोप द्यायचा म्हटलं की चार शब्द वाढवून बोलावेच लागतात, हे मला समजतं. पण तुम्ही वाढलेलं सगळं पानात घेऊन मुकाट खाली बसावं, एवढी आज मला भूक नाही.

पालकांनी मला भेट म्हणून नवा मिक्सर दिला. खोका उघडला तेव्हा सभागृहात हशा पिकला, मीही हसलो. 'मिक्सरकाका' हे नाव तुमच्यापैकीच कुणीतरी ठेवलेलं, त्यामुळे भेट अगदी शोभणारी आहे आणि प्रेमाने दिलेली आहे, मी ती मनापासून घेतो. फक्त खोक्यावरचा कागद निघाला तेव्हा माझ्या पत्नीने माझ्याकडे कसं पाहिलं, ते तुमच्यापैकी कुणी बघितलं नाही. मी बघितलं. आज दोन शब्द बोलायचे आहेत ते त्या नजरेविषयी. स्वयंपाकघरात माणूस दिवसभर एकटा असतो, बोलणं साठून राहतं, तेव्हा दोनाचे जरा जास्त झाले तर सांभाळून घ्या.

इथे येण्याआधी मी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होतो. तिथली माणसं भूक लागली की यायची, पुढ्यात येईल ते खायची, मला शिव्या घालायची आणि पुन्हा वाढायला सांगायची. सोपं काम होतं. मग गुडघे कुरकुरायला लागले, मोठी पातेली उचलवेनात, म्हणून लहान माणसांचा स्वयंपाक करायला इथे आलो. लहान माणसं, लहान पातेली, लहान काम, असा माझा हिशेब होता. इथे आल्यावर कळलं की भूक लागणं आणि खाणं यांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो.

एक चिरंजीव फक्त पाव खायचे, तोही कडा काढून. एका मुलीला भात चालायचा, पण त्या भाताला ताटात कशाचाही शेजार चालायचा नाही. एकाला समोर मोबाइल धरल्याशिवाय तोंड उघडायची सवय नव्हती. आपल्याकडे मोबाइलला बंदी, त्यामुळे बिचारा दिवसभर तोंड मिटून बसायचा. एकाच्या डब्यात रोज बिस्किटं यायची, आणि त्यातलं तुटलेलं बिस्किट हे बिस्किट नसायचंच. पाव, भात, बटाटा, दूध, नूडल्स. सगळं पांढरं किंवा पिवळट. ताटांकडे पाहिलं की वाटायचं, या पोरांनी संप पुकारलाय की काय?

पालकहो, तुम्हाला नावं ठेवायला मी उभा नाही. तुम्ही तरी काय करणार? सकाळी लिफ्ट धरायची की पोराच्या तोंडापुढे घास धरायचा? संध्याकाळी दमून घरी गेल्यावर त्याच्याशी भांडत बसायचं, की तो जे खातोय ते देऊन मोकळं व्हायचं? पोर उपाशी झोपू नये म्हणून जे केलं जातं त्याला मी चूक म्हणणार नाही. माझ्यावर ती वेळ नव्हती. मला दुसरं काही कामच नव्हतं. तरीही मी जे केलं ते केलं.

मॅडमनी भिंतीवर तक्ता लावला. लाल, केशरी, हिरवा, पांढरा, जांभळा. आठवडाभरात सगळ्या रंगांच्या भाज्या मुलांच्या पोटात गेल्या पाहिजेत, असा त्याचा अर्थ. तक्ता सुरेख होता. मी कंबर कसली. वाटाणे वाफवले, वर लोणी सोडलं. लोणी चाटून झालं, वाटाणे परत आले. गाजराच्या चकत्या फुलांच्या आकारात कापल्या, फुलं परत आली. पालकाची पानं तर मुलांनी ताटातून उचलून टेबलाखाली एकमेकांच्या बुटांत घातली. आचाऱ्याला शिव्या चालतात हो, परत आलेलं ताट चालत नाही. मला रडू यायचं असं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण एकदा आलं होतं.

मग एके दिवशी, रागाच्या भरातच म्हणा, ओट्यावरचं गाजर, भोपळा, फ्लॉवर असं सगळं उकडून मिक्सरमध्ये घातलं, गंधासारखं वाटलं, वर टोमॅटो आणि जराशी साखर घातली, आणि टोमॅटो सूप म्हणून वाढलं. वाट्या चाटूनपुसून परत आल्या. पाव खाणाऱ्या चिरंजीवांनी पुन्हा मागितलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. चॉकलेट केकमध्ये बीट. कुस्करलेल्या बटाट्यात फ्लॉवर. कटलेटमध्ये काय नव्हतं ते विचारा. पालकाने मला फार छळलं, कारण हिरवा रंग लपत नाही, पण गडद चॉकलेटपुढे त्यानेही हात टेकले. भिंतीवरचा तक्ता रंगांनी भरून गेला. मॅडमनी पाठ थोपटली. तुम्ही संध्याकाळी मुलांना न्यायला यायचात तेव्हा दारातून डोळे मिचकावून विचारायचात, "आज आत कोण होतं, काका?" आणि मी मुलांच्या डोक्यांवरून हळूच सांगायचो, "दुधी." मग आपण दोघं हसायचो. मूल खाली उभं राहून आपल्या दोघांच्या तोंडाकडे बघायचं.

हे गुपित होतं का? या सभागृहात ते कुणाला माहीत नव्हतं? बाईंना माहीत होतं, मॅडमना होतं, मावश्यांना होतं, तुम्हाला होतं. फक्त जे खात होते त्यांना माहीत नव्हतं.

तुम्हाला आठवत असेल, मध्यंतरी आपण खेळाच्या खोलीत भाजीचं दुकान मांडलं होतं. मुलांनी टोपल्या घेऊन खरी भाजी विकत घ्यायची, असा खेळ. आठवड्याला सगळे रंग खाणारी आपली मुलं. त्यांच्यातल्या एकाने फ्लॉवरचा गड्डा मांडीवर घेऊन थोपटायला सुरुवात केली. एक मुलगी कापलेलं बीट पाहून रडायला लागली, कुणाला तरी लागलंय म्हणून. गाजराला ओळखणारे निघाले, पण ते चित्राच्या पुस्तकातून. आपण सगळे खूप हसलो, फोटो काढले. मी त्या मुलीला कडेवर घेऊन समजूत घालत होतो आणि मनात म्हणत होतो, अगं, कालच दोन तुकडे खाल्लेस की याचे. तेव्हा मला गंमत वाटली होती. आता तो फोटो बघवत नाही.

आता मुख्य गोष्ट. ही मी तिच्या आईची परवानगी घेऊन सांगतो आहे.

आपल्याकडे एक मुलगी आहे. मी तिला टिल्ली म्हणतो, कारण ती आली तेव्हा एवढीशी होती आणि अजूनही फारशी वाढलेली नाही. तिची आई याच इमारतीत वरच्या मजल्यावर काम करते आणि तिची सुटी सगळ्यांत उशिरा होते. बाकीची मुलं गेली की टिल्ली माझ्याकडे यायची. स्वयंपाकघराचं दार दोन फळ्यांचं आहे, खालची फळी बंद ठेवतात, पोरांना चटका बसू नये म्हणून, आणि वरची उघडी असते. तिथे ती बाहेरच्या बाजूने पाट ठेवून उभी राहायची, हनुवटी फळीवर टेकायची, आणि मला जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल प्रश्न विचारायची. घरी तिचं खाण्याचं अवघड होतं. घास घेऊन आई मागे, ही पुढे. माझ्या हातचं मात्र सगळं खायची. मला त्याचा गर्व होता. तिच्या आईसमोर मी तो जरा मिरवलाही असेन.

एका दुपारी सगळी मुलं झोपलेली. मी दुसऱ्या दिवशीच्या केकची तयारी करत होतो. बीट किसून, वाटून, केकच्या मिश्रणात ओतत होतो. मागे वळलो तर फळीवर हनुवटी. झोप लागली नाही म्हणून उठून आली होती. तिने विचारलं, "काका, हे काय टाकलंस?"

मी म्हणालो, "काही नाही."

बीट म्हणालो असतो तर? तर कदाचित तिने नाक मुरडलं असतं, केक खाल्ला नसता, दोन दिवस रुसली असती. एवढंच झालं असतं. बीट काही वाईट गोष्ट नाही. पण मी 'काही नाही' म्हणालो, आणि भांडं तिच्याकडून वळवून अंगाआड धरलं.

दुसऱ्या दिवशी केक वाढला तेव्हा तिने तो बोटांनी उघडला. आत बघितलं, वास घेतला. मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, "यात काय आहे, काका?" मी म्हणालो, चॉकलेट. तिने तुकडा ताटलीत ठेवला आणि हात धुवायला गेली.

त्या दिवसापासून तिने माझ्या हातचं खाणं बंद केलं. आधी केक, मग सूप, मग कटलेट. घरीही तेच सुरू झालं. पाव उघडून बघायची. दुधात बोट फिरवायची. कालवलेलं, कुस्करलेलं, वाटलेलं काहीही नको. ज्याला स्वतःची साल आहे तेवढंच खायची. केळं, तेही तिने स्वतः सोललेलं. संत्रं. उकडलेलं अंडं, कवच तिने स्वतः काढलेलं. पोरगी आधीच काटकुळी, ती आणखी सुकली.

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, या वयात असं होतं, आपोआप जातं, फक्त यापुढे मुलांच्या नजरेआड करत चला. मॅडम, मी तक्रार करत नाही. सल्ला माझ्या सोयीचा होता म्हणून मी तो लगेच ऐकला. टिल्लीचं असं का झालं हे तुम्हाला माहीत नव्हतं, कारण 'काही नाही'ची गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नव्हती.

त्या संध्याकाळी मी दाराची वरची फळीही ओढून घेतली आणि आतून कडी लावली. त्या कडीची मला आजही लाज वाटते. टिल्ली सवयीने यायची. दाराखालच्या फटीतून मला तिचे बूट दिसायचे. ती हाक मारायची नाही, नुसती उभी राहायची. आणि मी, या वयाचा माणूस, वाटलेलं भांडं हातात धरून आत गप्प उभा. ते बूट हलेपर्यंत मी मिक्सर लावायचो नाही. बाकीच्या मुलांचा केक मात्र चालू होता. तक्ता भरत होता ना!

एकदा तिची आई तिला घ्यायला आली ती माझ्यापाशी थांबली. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार, आणि खरं सांगतो, बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, "तुमच्याकडे तेवढी खायची, काका. आता तेही गेलं. माझं काय चुकतंय?" माझ्याकडे उत्तर होतं. मी म्हणालो, काही नाही हो, होईल ठीक. तेच दोन शब्द पुन्हा. ती बाई माझे आभार मानून गेली.

घरी जाऊन हे पत्नीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "लेकराला बिटाची भीती नाही वाटत. तुमची वाटते." आणि रात्री जेवायला बसल्यावर आपल्या वाटीतल्या सुपाकडे बघून विचारलं, "हे तुम्हीच केलंत ना?" ती थट्टेत म्हणाली असेल. ती सूप प्यायलीही. पण आधी चमच्याने ढवळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी कडी काढली, फळी उघडली आणि वाट बघत बसलो. ती आली नाही. मलाच तिच्याकडे जावं लागलं. ती खेळाच्या खोलीत एकटी ठोकळे लावत होती. मी खाली बसलो, माझ्या गुडघ्यांना ते किती जड गेलं ते मला ठाऊक, आणि म्हणालो, "टिल्ली, त्या दिवशी मी खोटं बोललो. केकमध्ये बीट होतं."

ती म्हणाली, "मला माहितीये. तुझे हात लाल होते."

मग तिने चौकशी सुरू केली. सूपमध्ये काय होतं? गाजर, भोपळा, फ्लॉवर. कटलेटमध्ये? पालक, दुधी, वाटाणे. बटाट्यात? फ्लॉवर. वाढदिवसाच्या केकमध्ये? पालक. तिच्या स्वतःच्या वाढदिवसाच्या केकमध्येही? हो, त्यातही. ठोकळे हातात धरून ती एकेक पदार्थ आठवत होती आणि मी एकेक कबूल करत होतो. माझी अशी झडती कारखान्याच्या दरवाज्यावरसुद्धा कुणी घेतली नव्हती. मग तिने तिच्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवलं. ती मीच भरून ठेवायचो. म्हणाली, "आणि पाण्यात?"

मी म्हणालो, "पाण्यात काही नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मी खरं बोलत होतो हो, पाण्यात खरंच काही नव्हतं. पण ते दोन शब्द मी आधीच खर्च करून बसलो होतो. त्या दिवशी तिने बाटली उघडली नाही. संध्याकाळी मी तिला उचलून ओट्यावर बसवलं, ग्लास तिच्या हातात दिला आणि तिच्याच हाताने नळ सोडायला लावला. तेव्हा कुठे ती पाणी प्यायली. पाणी द्यायलासुद्धा मला साक्षीदार लागावा, अशी वेळ मी माझ्यावर आणली होती.

त्याच आठवड्यात मी तिच्या आईलाही सगळं सांगितलं. ती रागावली. बरं झालं रागावली.

त्यानंतर मी लपवणं थांबवलं. बाईंना सांगितलं. बाई काळजीत पडल्या, त्यांचं बरोबर होतं, पण मला त्यांनी अडवलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. रोज सकाळी त्या दिवसाची भाजी आहे तशी मुलांमध्ये फिरवायची. हात लावा, वास घ्या, आपटा, काय वाटेल ते करा. मग दार उघडं ठेवून तिचं काय होतं ते बघा. आणि ताटात काय आहे ते विचारलंत की सांगणार, न विचारलंत तरी सांगणार.

आता मी म्हणेन की सगळी मुलं आनंदाने पालक खायला लागली, अशी तुमची अपेक्षा असेल. नाही लागली. ताटं परत यायला लागली, अगदी पहिल्यासारखी. सूपमध्ये भोपळा आहे म्हटल्यावर निम्म्या वाट्या तशाच राहिल्या. तक्त्यावरचे रंग गळाले, ते तुम्ही बघितले आहेत. काही पालक माझ्यावर नाराज झाले आणि अजून आहेत. एका बाबांनी मला मागे विचारलं, काका, बरं चाललं होतं की, कशाला मोडलंत? त्यांचा मुलगा पुन्हा पावावर आला आहे. साहेब, तुम्ही समोरच आहात. तुमच्या मुलाचं ओझं माझ्या मनावर आहे. इतकंच सांगतो, काल त्याने गाजर जिभेला लावलं आणि थुंकलं. परवा तो ते टेबलावरून खाली फेकत होता.

आणि टिल्ली? तिच्यासाठी मी वाटाण्याच्या शेंगा आणायला लागलो. शेंग म्हणजे बंद गोष्ट, आत कुणी काही टाकलेलं असण्याची शक्यता नाही. ती स्वतः सोलते, एकेक दाणा बघते आणि खाते. वाफवलेला नाही, लोणी लावलेला नाही, कच्चा. माझ्या सगळ्या हातखंड्याची एवढीच किंमत. तिचं वजन सावरतंय, असं तिची आई म्हणते. संध्याकाळी पुन्हा पाटावर उभी राहते, पुन्हा प्रश्न विचारते. पण मी शिजवलेलं, माझ्या हाताने एकत्र केलेलं काहीही तिने त्या दिवसापासून आजपर्यंत तोंडात घातलेलं नाही. आणि आज माझा शेवटचा दिवस आहे.

तेव्हा मागच्या टेबलावर जो अल्पोपाहार ठेवला आहे, त्याविषयी. तो मीच केला आहे. शेंगा आहेत, केळी आहेत, कवचासकट अंडी आहेत. मधोमध चॉकलेट केक आहे आणि त्याच्या शेजारी एक अख्खं बीट ठेवलं आहे. ते शोभेसाठी नाही. त्याचा भाऊ केकमध्ये आहे.

समारंभ सुरू व्हायच्या आधी टिल्ली टेबलापाशी आली. तिने बीट बघितलं, केक बघितला आणि विचारलं, "यात काय आहे, काका?" मी सांगितलं, पीठ, अंडी, साखर, चॉकलेट, बीट. ती म्हणाली, "अजून?" मी म्हणालो, चिमूटभर मीठ. ती म्हणाली, "अजून?" 'काही नाही' म्हणायची माझी हिंमत होईना. तेवढ्यात बाईंनी मला व्यासपीठावर बोलावलं. टिल्ली म्हणाली, "मी नंतर बघते."

नव्या स्वयंपाकीणबाई, तुम्हाला उपदेश करण्याचा अधिकार मी घालवून बसलो आहे. ताटं परत येतील तेव्हा तुम्हालाही रडू येईल, आणि मिक्सर हाताशीच असेल. तुम्ही काय करायचं ते तुम्ही आणि बाई ठरवाल. मी फक्त एक केलं आहे. दाराच्या वरच्या फळीची आतली कडी काल खोलून काढली. ती माझ्या या खिशात आहे, स्क्रूंसकट. बाई, ती संस्थेची मालमत्ता आहे हे मला मान्य आहे, मागितलीत तर परत देईन. पण मागू नका.

मिक्सर मी आनंदाने घरी नेतो. त्या बिचाऱ्याचा यात काय दोष? तो चालेल तेव्हा माझी पत्नी शेजारी उभी असेल, एवढी अट तिने आत्ताच डोळ्यांनी घातलेली आहे.

बाई, मॅडम, मावश्या, पालक, तुम्ही मला एवढी वर्षं सांभाळलंत, आज एवढं मोठं कौतुक केलंत. त्यातलं जे माझं होतं ते घेतलं, बाकीचं तुमच्यापाशी राहू द्या. मनापासून आभार. मुलांनो, तुमचे आभार वेगळे. तुम्ही माझ्या हातचं न विचारता खाल्लंत, आणि मी ते तुम्हाला न सांगता वाढलं. हे मला माफ करण्याएवढे तुम्ही अजून मोठे नाही. मोठे झालात की बघा.

बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर सांभाळून घ्या. सांगायचं राहून जाण्याची सवय मला आहेच. आत्ता इथे उभा असतानासुद्धा एक गोष्ट आठवली, तेवढी सांगतो आणि खाली बसतो.

टिल्ली, केकच्या भांड्याला मी आतून लोणी लावलं होतं. ते मघाशी सांगायचं राहिलं. आता मात्र सगळं सांगून झालं, बाळा. खा, नाहीतर नको खाऊस.